परिच्छेद सहावा

धारूर
रविवार, १ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादा,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला म्हणून माफी मागायची आणि मग पत्र सुरू करायचं, ही आपल्या घरची रीत. पण नऊ वर्षांचा उशीर एका ओळीत कसा बसवायचा ते मला जमत नाहीये. मधे आपलं अगदीच बोलणं नव्हतं असं नाही. माय गेली तेव्हा तू दोन दिवस होतास. दर चौदा एप्रिलला तुझा दोन ओळींचा निरोप येतो आणि मी मोजून दोनच ओळींचं उत्तर देतो. पत्र मात्र नाही. आज लिहितोय, कारण एक काम अंगावर आलंय आणि ते तुझ्याशिवाय पुरं होणार नाही.

हायकोर्टातून तू निवृत्त झालास त्याच्या दुसऱ्या दिवशी आसाराम सरांनी सत्कार समिती काढली. सर आता मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत, पण शाळेत तुझ्या बाकावर शेजारी बसायचे तो विद्यार्थीपणा काही सुटलेला नाही. तू त्यांच्यासाठी अजून शहाद्याच. त्यांचं अध्यक्षीय भाषण एवढंच होतं: "शहाद्यानं लई वर्सं सत्कार टाळला. जज होता म्हनून सोडलं. आता कुठं जातो बे?"

कार्यक्रम २० ऑक्टोबरला, रविवारी. मानपत्र मी लिहायचं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि वीस वर्षं रोजनिशी लिहितो. ज्याला रोज लिहायची सवय आहे त्याला एकदा लिहायला काय जड, असं सरांचं म्हणणं.

मसुदा सोबत जोडलाय. सात परिच्छेद आहेत, फ्रेममध्ये बसायला हवेत. पहिल्यात बाबा. ते धारूरच्या कोर्टात पट्टेवाले होते हे झाकलेलं नाही, उलट तिथूनच सुरुवात केलीय: त्यांचा पुकारा आठवडी बाजारापर्यंत ऐकू जायचा आणि तू कोर्टाच्या पायरीवर बसून त्या आवाजात गणितं सोडवायचास. दुसऱ्यात नागसेनवनातलं कॉलेज आणि वसतिगृह. तिसऱ्यात वकिली आणि तुझा पहिला अशील, तो कोंबडीचोर. चौथ्यात जिल्हा न्यायाधीशपद आणि बदल्या. पाचव्यात हायकोर्ट. सातव्यात शुभेच्छा.

सहावा परिच्छेद सरांच्या आग्रहानं घातलाय, तो इथे उतरवतो:

'धारूरच्या बायनाबाई यांचे शेतवाटेचे अपील त्यांच्यापुढे अंतिम सुनावणीस असता, सदर बाईंनी सीताफळांची टोपली त्यांच्या घरी पाठवली. न्यायमूर्तींनी टोपली परत केली आणि कोर्ट उघडताच "नॉट बिफोर मी", म्हणजे हे प्रकरण माझ्यापुढे नको, असे लिहून ते सोडून दिले. गावाचा मोह नाही, फळाचाही नाही.'

बाईंचं नाव नको, असं मी म्हणालो होतो. सर म्हणाले, "नाव नसलं की लोकाला गोष्ट बनवलेली वाटती." त्यांना ही गोष्ट माझ्याकडूनच कळलेली, त्यामुळे नाव राहिलं.

तपासून पाठव. आणि येशील ना, तेही कळव.

तुझा,
समाधान


रविवार, १५ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादा,

पाकीट आलं. येशील की नाही याबद्दल त्यात अक्षर नाही, पण मसुद्याच्या समासात पेन्सिलीनं एवढं लिहिलंयस की तुझी भावजय पौर्णिमा म्हणाली, "दादांनी अपिलात घेतलंय वाटतं तुमाला." फार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'पुरावा' शब्दातला 'व' अजून पोटफुग्याच आहे.

तुझ्या हरकतींना क्रमाने उत्तर देतो.

परिच्छेद १. 'बाजारापर्यंत आवाज जात असे: अंतर मोजले का?' मोजलं. काल मी कोर्टाच्या पायरीवर उभा राहिलो, आसाराम सर बाजारात गेले आणि मी त्यांच्या नावाचा पुकारा केला. ऐकू आला नाही. पण बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या एका पानवाल्यानं सरांना सांगितलं, "तुमच्या नावानं कोन तरी बोंबलतंय." तेव्हा 'बाजाराच्या तोंडापर्यंत' अशी दुरुस्ती करतो. बाबांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, याला साक्षीदार अर्धं गाव आहे.

परिच्छेद ३. 'कोंबडी एक नव्हे, दोन. आरोपी निर्दोष सुटला, सबब त्यास चोर म्हणू नये.' मान्य. 'कोंबड्या चोरल्याचा आरोप असलेला' असं करतो. वाक्य लंगडं होतं, पण खरं होतं.

परिच्छेद ५. 'ऐतिहासिक निकाल' हे शब्द काढले. 'कायद्यात होतं ते वाचून दाखवलं' हे तुझे शब्द घेऊ का? सरांना ते अगदीच सपक वाटतात.

परिच्छेद ६. 'टोपली बाईंनी कोणाच्या हाती दिली? कुठे? कोणत्या दिवशी? साक्षीदार कोण?'

यातला दिवस तेवढा सांगतो. ऑक्टोबर २०१५, दुसरा शनिवार. टोपली तुझ्या घरी मी आणली, हे तुला माहीतच आहे. 'कुठली?' एवढं तू विचारलंस आणि 'बायनाबाईंनी पाठवलीत' असं मी म्हणालो, हेही. तू टोपलीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "ही घेऊन तू परत जा." तेवढंच. चहासुद्धा झाला नव्हता. गेवराई येईपर्यंत मी ती फळं एसटीत वाटून टाकली. सोमवारी तू ते प्रकरण सोडलंस. त्यानंतर मायच्या वेळचे दोन दिवस सोडले तर तू घरी आला नाहीस आणि मी तुझ्याकडे आलो नाही.

साक्षीदार म्हणजे मीच. बाईंनी टोपली प्रत्यक्ष हातात दिली असं नाही, त्या काळात त्यांचा निरोप होता. बाकी तपशील रोजनिशीत बघून लिहितो. त्या वर्षाची वही माळ्यावर आहे.

तुझा,
समाधान


रविवार, २९ सप्टेंबर २०२४

दादा,

वही माळ्यावर नव्हती. माझ्या टेबलाच्या खणात होती. नऊ वर्षांत ती मी बऱ्याचदा काढली आणि ठेवली. मागच्या पत्रात 'माळ्यावर' लिहिलं, कारण मला पंधरा दिवस हवे होते.

आज समितीची बैठक झाली. सर उत्साहात होते. म्हणाले, "परिच्छेद सहा चालू झाला की बायनाबाईला मंचावर बोलवायचं. तिनं हार घालायचा. चूक झाली तिची, पण शहाद्यानं माफ केली, असं देखनं चित्र होतंय. फोटो तर असा येतो की बस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात मोहनरावही होते. बाईंची वाट अडवली होती ती यांनीच, आणि अपील होतं ते यांच्याच विरुद्ध. अपील हरले, तरी आता तुझ्या सत्काराचं जेवण त्यांच्याकडून आहे. म्हणाले, "निकाल इरोधात गेला म्हनून काय झालं? जज आपल्या गावचा हाय!"

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. घरी येऊन पौर्णिमाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "साठीच्या पुढची बाई. साऱ्या गावापुढं तिला लाच देनारी म्हननार. आन तुमी माईक धरनार."

"मी धरणार नाही, सर धरणार."

"लिवलंय कोनी?"

म्हणून आता वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवतो. 'शनिवार. पहाटेच्या गाडीनं दादाकडे. मायनं धपाटे दिले ते घरीच विसरलो. घाटात गाडी थांबली तेव्हा सीताफळं घेतली, दोन डझन, टोपलीसकट.'

बस. बायनाबाईंचं नाव त्या पानावर नाही, कारण त्यांचा त्या टोपलीशी काही संबंधच नव्हता.

त्याआधीच्या बुधवारी त्या मला रस्त्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, "समाधान, तुजा दादा तिथं हाय. माज्या वाटंचं काय हुईल रं?" एवढंच विचारलं. शब्द टाक असं म्हणाल्या नाहीत. मी मात्र शब्द टाकायचं मनात घेतलं. तुझ्यापुढे खटल्याचं नाव काढायची सोय नव्हती. 'कोर्ट कोर्टात, घर घरात' हे तू शपथ घेतलीस त्या दिवशीच आम्हाला बजावलं होतंस. "आपल्यासारख्याला दुप्पट स्वच्छ राहावं लागतं, समाधान. एकपट कुणी मोजतच नाही," असंही म्हणाला होतास. मग मला वाटलं, नाव नुसतं कानावर पडावं. फळांच्या निमित्तानं पडलं तर तो काही शब्द टाकणं नव्हे. असा शहाणपणा केला मी. बाबांनी आयुष्यभर चारचौघांत, कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारली. मी एकच नाव पुकारलं, तेही टोपलीच्या आडून.

तू म्हणालास "परत जा", तेव्हाच बोलायला हवं होतं. एसटीत बसल्यावर बोलता आलं असतं. सोमवारी कळल्यावर तर नक्कीच. नाही बोललो. पुढे सहा वर्षांनी दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे बाई जिंकल्या, तेव्हा मला वाटलं, चला, फिटलं. आणि त्या खुशीत तीच खोटी गोष्ट मी सरांना ऐकवली. माझ्या भावाची सचोटी म्हणून.

आज खरं लिहितोय ते बाईंसाठी की तू सत्काराला यावास म्हणून, हे मी स्वतःला तीनदा विचारलं. दोन्हीसाठी, असं उत्तर येतं. मिसळलेलं आहे. चालेल का?

सरांना अजून सांगितलेलं नाही. आधी बाईंना सांगायला हवं.

समाधान


रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

दादा,

गुडघ्यांना तेल लावून बसलोय, अक्षर हललं तर समजून घे. का, ते क्रमाने येईल.

मागच्या रविवारी बायनाबाईंकडे गेलो. त्या ओसरीवर सीताफळं निवडत होत्या. डोळे उघडलेली एकीकडे, कच्ची एकीकडे. मी उभ्यानंच सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचे हात चालूच होते. मग थांबले.

"घाटातली?" त्या म्हणाल्या.

"हो."

"माजी म्हनून तू जजसायबाला घाटातली फळं दिली?"

"हो."

"कावून? माजी झाडं मेली होती का? अकरा झाडं हायेत. एक हाक मारली असती तर पोतं भरून दिलं असतं."

"बायनाबाई, मुद्दा तो नाही..."

"त्योच हाय! माज्या नावावर निसत्या बियांची फळं खपवली. काय म्हनला असंल त्यो मानूस?"

"त्यांनी खाल्ली नाहीत."

"बरं झालं! अब्रू वाचली."

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी एक कच्चं फळ उचललं, पिकल्यात ठेवलं, परत काढलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी सायबानं माजं काम सोडलं ते त्या टोपलीपायी?"

"हो."

"मला वाटायचं, माजं सारं खोटं हाय असं त्येंनला दिसलं म्हनून सोडलं. आपल्या गावचा, वाट डोळ्यानं बघितलेला मानूस. त्यालाच पटलं न्हाई तर दुसऱ्याला काय पटनार? दोनदा वकिलाला म्हनले, काढून घे बाबा माजं अपील."

दादा, हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षांची पायपीट मी मनात धरली होती, ही गोष्ट धरलीच नव्हती. मी म्हणालो, "तुमचं खोटं कधीच नव्हतं." त्या म्हणाल्या, "ते आता कळलं. तवा कळायला पायजे होतं."

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं हात पुसले. "मोहनरावला काय दंड झाला न्हाई. नुसती वाट सोडावी लागली. तुला मी दंड करते. पुढच्या रविवारी ये. पाटी भरून देते. वढ्यातून, टेकडीला वळसा घालून, मी सहा वर्सं गेले तसा बाजारापस्तोर जा. डोक्यावर. हातात धरून न्हाई. चुंबळ मी देते."

"आणि मंचावर?"

"मंचावर येते की. पर आधी तू बोलायचं, मग मी हार घालायची."

तर आज गेलो. ओढ्याला पाणी पोटरीपर्यंत होतं. पहिल्या दहा पावलांत चुंबळ सुटली. टेकडीच्या वळणावर मान अशी भरली की दोन्ही हातांनी पाटी धरली. मागून पौर्णिमा ओरडली, "हात खाली! दंडात सूट न्हाई!" ती मोबाइलवर चित्रण करत होती. (तुला पाठवलंय म्हणे. मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.) डांबरी रस्त्याला लागलो तर समोरून मोटारसायकलवर आसाराम सर.

"काय बे समाधान, मास्तरकी सुटली का?"

पाटी डोक्यावर ठेवूनच मी त्यांना सगळं सांगितलं. खाली ठेवली असती तर परत उचलली नसती, आणि खाली ठेवून कदाचित बोललोही नसतो. सरांनी मोटारसायकल बंद केली. मग म्हणाले, "म्हंजी माजं चित्र गेलं."

"गेलं, सर."

"चांगलं होतं बे चित्र." गाडीला किक मारली, थोडे पुढे गेले आणि वळून आले. "तुजं बी वाईट न्हाई. पर मी न्हाई वाचनार, तूच वाच."

बाजाराच्या तोंडाशी बायनाबाई निवांत बसल्या होत्या. त्या माझ्यानंतर घरून निघाल्या, मोहनरावांच्या विहिरीजवळून, जिंकलेल्या वाटेनं. वाटेत मोहनरावांच्याच सुनेकडे चहासुद्धा पिऊन आल्या. म्हणाल्या, "मी कवाची आले. ही वाट हायकोर्टाची हाय, लवकर पोचती."

पाटी उतरवून घेतली. चार फळं फुटली होती. ती त्यांनी मला खायला लावली. खरंच सांगतो, घाटातली आणि ही यांची बरोबरीच नाही.

सहावा परिच्छेद नव्यानं लिहायला बसणार आहे. की काढूनच टाकू? मानपत्रात भावाची चूक शोभत नाही, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, शोभा पाहत होतास म्हणूनच नऊ वर्षं गेली. तू सांग.

समाधान


शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

दादा,

दुपारी तुझं पाकीट आलं. कॉलेजातून आलो तर पौर्णिमानं ते फोडलेलं नव्हतं, पण उन्हाकडे धरून वाचायचा प्रयत्न केला होता, असं तिनं स्वतःच कबूल केलं. हल्ली आमच्या घरी कबुलीजबाबांचा हंगाम आहे.

तुझा शेरा मी पाचदा वाचला. तो रोजनिशीत उतरवून ठेवला आणि तुलाही परत लिहून पाठवतो, उतरवण्यात चूक झाली असेल तर कळव:

'परिच्छेद ६ काढू नये. दुरुस्त करावा. समाधानने स्वतः वाचावा. त्यात पुढील मजकूर माझ्या वतीने घालावा: न्यायमूर्तींनी प्रकरण सोडले ते योग्यच. परंतु साक्षीदाराला त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. कोर्टात तीस वर्षे विचारला, घरात विचारला नाही, आणि एकाच प्रश्नावर नऊ वर्षे निकाल कायम ठेवला. ही चूक त्यांची.'

दादा, मला वाटलं होतं तू माफ करशील किंवा करणार नाहीस. तू वाटणी करशील हे डोक्यात आलं नव्हतं. तुझा वाटा तू जरा जास्तच घेतलायस असं मला वाटतं. पण यावर अपील कुणाकडे करायचं?

परिच्छेद नवा लिहून झाला. फ्रेममध्ये बसावा म्हणून पाचवा अर्धा केला. तुला ते आवडेल, सरांना नाही. मंचावर बायनाबाईंना कसं बोलवायचं ते मी ठरवलंय. 'आता मी विनंती करतो' वगैरे नाही. बाबा पुकारायचे तसं, पूर्ण नाव, तीनदा, मोठ्यानं. उद्यापासून घसा सांभाळतो. आज सराव केला तर शेजारचे बघायला आले.

तू उद्या संध्याकाळी पोचतोयस असं लिहिलंयस; टपाल तुला गाठणार नाही, म्हणून या पत्राचा फोटो पौर्णिमाच्या मोबाइलवरून पाठवतो. खोली झाडून ठेवलीय. मायचा पलंग खिडकीशी घेतलाय. सत्कार तुला आवडणार नाही, पण आवडून घे, एकच दिवस आहे. मोहनरावांच्या जेवणाला 'माझ्यापुढे नको' म्हणशील अशी सरांना धास्ती आहे. मी सांगितलं, आता निवृत्त झालाय, वाढतील ते खाईल.

आणि तुझी शेवटची ओळ, जी तू पाकिटावर मागच्या बाजूला लिहिलीयस, ती पौर्णिमानंच आधी पाहिली: 'सीताफळे खाईन. बायनाबाईंची असतील तरच. या खेपेस साक्षीदार असावा.'

ती वाचून ती दारातच बसून हसली. मी आत जाऊन हसलो, मग थोडा वेळ तिथेच थांबलो.

वहीत आजच्या पानाखाली लिहून ठेवलंय, तेच इथेही लिहितो. उद्या: सकाळी बायनाबाईंच्या हातून टोपली आणणे, सोबत साक्षीदार पौर्णिमा.

तुझा,
समाधान